नवख्याची दुसरी हवा जोडीदाराच्या पाठीवर असते: कृष्णाकाठच्या नव्या डायव्हर पोरांना खुले पत्र

विष्णू घाट, सांगली

प्रिय पोरांनो, आणि तुमच्यातल्या दोन पोरींनो,

मे महिन्यात तुम्ही नऊ जण मालवणला राहून ओपन वॉटरचा, म्हणजे सिलिंडर घेऊन डाइव्ह करण्याचा पहिला, कोर्स करून आलात. घाटावर पेढे वाटलेत. मला खरंच आनंद झाला होता. आपल्याकडची माणसं मालवणला जातात ती बहुतेक अर्ध्या तासाच्या ‘स्कूबा’साठी. तिथे प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून ठेवतो, आपण चार मासे बघतो, फोटो काढतो आणि वर येतो. तुम्ही मात्र पुस्तक वाचलंत, परीक्षा दिलीत, समुद्रात चार डाइव्ह केल्यात. आपल्या घाटावरून इतकी पोरं एकदम या वाटेला लागल्याचं मी तरी याआधी पाहिलेलं नाही.

पण गणपती झाल्यानंतरच्या रविवारी पायऱ्यांवर चहा घेताना तुमचं बोलणं कानावर पडलं आणि रात्री मला झोप लागली नाही. ऑक्टोबरात समुद्र निवळला की पुन्हा मालवण गाठायचं आणि या खेपेला ज्याने त्याने आपापलं उतरायचं, असं तुमचं ठरत होतं. एक जण म्हणाला, “बडी (पाण्यातला जोडीदार) सांभाळत बसलं की बघायचं राहूनच जातं.” दुसऱ्याने सुचवलं की त्याआधी भाड्याने दोन सिलिंडर आणू आणि माळावरच्या जुन्या दगडखाणीत एकेकटे उतरून हात साफ करून घेऊ. तेव्हा मी काही बोलले नाही. चारचौघांत अडवलं की माणूस हट्टाला पेटतो. म्हणून हे पत्र. ते उघडं ठेवलंय, कारण तुमच्या सहली ठरवणाऱ्या घाटावरच्या थोरल्या मंडळींनीही ते वाचायला हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. तुम्ही एकट्याने उतरू नका. या ऑक्टोबरात नको, पुढच्याही नको. वहीत शंभर डाइव्ह होईपर्यंत नको. शंभर हा आकडा मी मनाने काढलेला नाही. एकट्याने डाइव्ह करण्याचं रीतसर शिक्षण जगात दिलं जातं. एसडीआय या संस्थेच्या सोलो डायव्हर कोर्सला बसायचं तर वय किमान २१ आणि नोंदवलेल्या डाइव्ह १०० लागतात. पाडी या संस्थेचाही तशाच धर्तीचा कोर्स आहे, त्यालाही १०० डाइव्हची अट आहे. म्हणजे एकट्याने उतरायला ज्यांचा विरोध नाही, जे ते शिकवतात, तेसुद्धा नवख्याला दारात उभं करत नाहीत. तुमच्या वहीत आज चार डाइव्ह आहेत. माझ्या वहीत त्रेसष्ट आहेत, आणि मी एकटी उतरत नाही.

तुमचा भरवसा कशावर आहे ते मला माहीत आहे. आपण नदीची माणसं. कुणी विहिरीत पांगिऱ्याचा बिंडा पाठीला बांधून शिकलं, कुणी भोपळ्यावर, कुणी ट्यूबवर. सरकारी घाटावरून सांगलीवाडीच्या काठाला जाऊन परत येणं तुम्हाला काही विशेष वाटत नाही. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या मारणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत तुम्ही वाढलात. पाण्याची भीती मेलेली आहे, आणि कोर्स करताना ती मेलेली असणं सोयीचंच पडतं. पुढे मात्र हेच पोहणं घात करू शकतं.

असं पाहा. नदीत किंवा विहिरीत बुडी मारताना आपण काय करतो? छाती भरून घेतो, श्वास कोंडतो आणि जीव घाबरला की पाय झाडत थेट वर येतो. वर हवा आहे हे शरीराला ठाऊक असतं. ही सवय तुमच्या अंगात वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून मुरली आहे. सिलिंडर पाठीवर असताना हेच केलं तर फुप्फुस फाटू शकतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे बॉइलचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर भरून घेतलेली छाती श्वास कोंडून पृष्ठभागावर आणलीत तर आतली हवा दुपटीने फुगू पाहते. नदीत बुडी मारताना ही भानगड नसते, कारण तिथे छातीतली हवा वरूनच नेलेली असते. खाली आकसते, वर येताना होती तेवढीच होते. सिलिंडरची हवा खोलीवर घेतलेली असते, फरक तिथे आहे.

कोर्समध्ये तुम्हाला शिकवलंय की श्वास कधीही कोंडायचा नाही. डोक्याला ते पाठ आहे. अंगाला पंधरा वर्षांची उलटी सवय आहे. घाबरल्यावर कोण जिंकतं? चार डाइव्ह झालेल्या माणसात अंग जिंकतं. अशा वेळी कुणीतरी तुमचा दंड घट्ट धरून, डोळ्यांत बघून, हाताने ‘थांब, श्वास सोड’ अशी खूण करावी लागते. ते कुणीतरी वर बोटीत असून चालत नाही. हाताच्या अंतरावर असावं लागतं.

आता हवेचा हिशोब. भाड्याने मिळणारा ॲल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा, २०० बार दाबाला भरलेला, म्हणजे २,२०० लिटर हवा. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीसेक लिटर घेतो. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणून तिथे ५६ लिटर. चाळीस मिनिटं पुरेल असं वाटतं. पण नवखा माणूस शांत नसतो, जास्तच ओढतो. घाबरला तर तिप्पट ओढतो, म्हणजे १८ मीटरवर मिनिटाला १६८ लिटर. समजा सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा ५० बारवर असताना काही बिघडलं. सिलिंडरमध्ये उरली ५५० लिटर. भागून बघा, सव्वातीन मिनिटं. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने वर यायला दोन मिनिटं, पाच मीटरवरचा थांबा तीन मिनिटांचा. आणि घाबरलेला माणूस त्या क्षणी वर यायला लागत नाही, आधी मिनिटभर धडपडतो.

एकट्याने डाइव्ह करणारा अनुभवी माणूस हे जाणतो, म्हणून तो दुसरा लहान सिलिंडर आणि त्याचा वेगळा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन, बरोबर नेतो. एक बंद पडला तर दुसरा. तुमच्याकडे तसा दुसरा सिलिंडर नाही, असला तरी तो वापरायची सवय नाही. तुमची दुसरी हवा जोडीदाराच्या पाठीवर आहे. त्याच्या बीसीडीला, म्हणजे हवा भरायच्या जाकिटाला, लटकणारा तो पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जादा रेग्युलेटर, त्याच्यासाठी नसतो, तुमच्यासाठी असतो. जोडीदार नको म्हणणं म्हणजे स्वतःची अर्धी सामग्री बोटीत ठेवून उडी मारणं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी सातवी डाइव्ह होती. मालवणच्या बाजूलाच, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. बोट उशिरा निघाली होती, सगळ्यांची घाई. माझी जोड एका अनोळखी गृहस्थांशी लावून दिली. एकमेकांची सामग्री तपासायची ती पाच मिनिटं आम्ही दोघांनीही खाल्ली, कारण तयार करून देणाऱ्याने “सगळं ओके आहे” म्हटलं होतं. बारा मीटरवर श्वास जड यायला लागला. काटा पाहिला तर १४०. मनात म्हटलं, घाबरलीस, सावकाश घे. पुन्हा ओढला, आणखी जड. मग काट्याकडे बघत श्वास ओढला, तेव्हा दिसलं की ओढताना काटा धाडकन खाली येतोय आणि सोडला की परत १४० वर जातोय. सिलिंडरची चावी पुरती उघडलेलीच नव्हती.

पूर्वी शिकवायचे की चावी पूर्ण उघडा आणि मग अर्धा फेरा मागे फिरवा. त्यात कधीतरी कुणी उलटा फिरवतो, म्हणजे चावी पूर्ण बंद करून अर्धा फेरा उघडतो. पृष्ठभागावर तेवढ्यात भागतं. काटाही भरलेला दाखवतो. खाली गेल्यावर प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते आणि ती त्या फटीतून पुरी पडत नाही. म्हणूनच आता चावी पूर्ण उघडी ठेवायला सांगतात, आणि जोडीदारासमोर काट्याकडे बघत चार श्वास घ्यायला सांगतात.

माझा हात मागे चावीपर्यंत पोहोचेना. ते गृहस्थ पायातल्या फिनांच्या दोन झटक्यांवर होते, फोटो काढत. मी जाऊन त्यांचा ऑक्टोपस ओढून तोंडात घातला. त्यांनी मला फिरवलं, चावी उघडली, माझा काटा तपासला, आणि आम्ही दोघे सावकाश वर आलो. सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नसतील. बोटीत चढल्यावर माझे हात इतके थरथरत होते की फिनांचे पट्टे सुटेनात. ते गृहस्थ वीस मीटरवर असते तर काय झालं असतं, हा विचार मी पुढे कित्येक रात्री केला. कोर्समध्ये सहा ते नऊ मीटरवरून एका श्वासात, तोंडाने ‘आ’ करत, हवा सोडत वर यायचा सराव घेतात. तो मी केलेला होता. पण त्या क्षणी तो मला आठवलाच नाही. आठवला तो त्यांचा पिवळा ऑक्टोपस.

“वाईट जोडीदारापेक्षा एकटा बरा,” असं तुमच्यातल्या एकाने म्हटलं, आणि ते निव्वळ खोटं नाही. अनोळखी माणूस गळ्यात बांधतात. तो खाली गेल्यावर आपल्या नादात निघून जातो, किंवा स्वतःच घाबरून तुमच्या तोंडातला रेग्युलेटर ओढतो. नुसतं ‘बडी आहे’ या भरवशावर माणूस स्वतःचा काटा बघायचं विसरतो, हेही मी पाहिलंय. पण या तक्रारीतून निघतं ते जोडीदार नीट निवडावा आणि घडवावा एवढंच. आपण तालमीच्या मुलखातले आहोत. वस्ताद नव्या पोराला जोड लावून देतो तेव्हा वजन बघतो, दम बघतो, स्वभावही बघतो. जोड बरोबर बसली नाही तर बदलतो. जोड वाईट निघाली म्हणून पोराला एकट्यानेच कुस्ती खेळ म्हणत नाही.

दुसरा मुद्दा आला होता तो पुरातल्या बचाव पथकांचा. “ते एकटेच उतरतात की!” खरंय, गढूळ पाण्यात शोध घेणारा डायव्हर बऱ्याचदा एकटा दिसतो. २०१९ साली आयर्विनजवळ पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आपण सगळ्यांनीच बोटी पाहिल्यात. पण रीतसर काम करणाऱ्या डायव्हरच्या अंगाला दोर असतो. काठावर तो दोर धरणारा माणूस असतो, तो झटक्यांच्या खुणांनी बोलतो, आणि शेजारी दुसरा डायव्हर सगळी सामग्री चढवून तयार बसलेला असतो. एक माणूस खाली जातो तेव्हा दोन माणसं त्याच्यासाठीच वर खोळंबलेली असतात. माझे आजोबा विहिरीत गाळ काढायला उतरायचे तेव्हा ‘वरचा माणूस’ आल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवत नसत. शब्द वेगळा, गोष्ट तीच.

आणि ज्याने हा खेळ सुरू केला त्याची गोष्ट मला फार आवडते. १९४३ च्या जूनमध्ये जाक-इव्ह कुस्तो एमिल गान्यांबरोबर तयार केलेलं, पाण्याखाली श्वास घ्यायचं नवं यंत्र घेऊन फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पाण्यात उतरले. खाली ते एकटेच होते, कारण यंत्र एकच होतं. पण पत्नी सिमोन वर पोहत पाण्यात तोंड घालून त्यांच्यावर नजर ठेवून होत्या, आणि सिमोनच्या इशाऱ्यावर बुडी मारायला मित्र फ्रेदेरिक द्युमा किनाऱ्यावर तयार होते. दुसरं यंत्र नव्हतं तेव्हाही दुसरा माणूस होता.

आता त्या खाणीचं. तिच्यावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. तिथे बोट नाही, प्रशिक्षक नाही, ऑक्सिजन नाही. तळाला गाळ आहे. फिनचा एक चुकीचा फटका बसला की स्वतःचा हात दिसत नाही, आणि वर कुठे, खाली कुठे हे समजेनासं होतं. पडलेल्या तारा, दोर, जुने पाइप अशा पाण्यात असतातच. तुम्ही वजनाचा पट्टा शिकलात तो समुद्राच्या खाऱ्या पाण्यात. गोड्या पाण्यात तेवढंच वजन लावलंत तर दगडासारखे खाली जाल. शिवाय सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे. ३०० मीटरच्या वरच्या पाण्यातली डाइव्ह ही उंचीवरची डाइव्ह धरतात. तिची गणितं वेगळी, आणि ती तुमच्या कोर्समध्ये झालेली नाहीत. या सगळ्यात एकटं माणूस उतरणार, काठावर बाकीचे मोबाइल घेऊन बसणार, आणि बुडबुडे थांबले तर खाली जायला दुसरा सिलिंडर कुणाच्या अंगावर चढवलेलाच नसणार. नदीला आपण असे जात नाही. भिलवडी, औदुंबर, आमणापूरच्या पट्ट्यात मगरी वाढल्यापासून पहाटे एकटं कुणी पाण्यात उतरत नाही, काठावर नजर ठेवायला माणूस ठेवतो. ते शहाणपण खाणीच्या काठावर सोडून देऊ नका. खाणीचा बेत रद्दच करा, जोडीनेही नको.

जाता जाता एक गोष्ट, जी मला कोर्समध्ये कुणी सांगितली नव्हती. मालवणहून आपण आंबोलीवरून परततो. आंबोली साधारण ६९० मीटरवर. उंचीवर हवेचा दाब कमी होऊन अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी एका डाइव्हला किमान १२ तास आणि लागोपाठच्या डाइव्हना किमान १८ तास थांबायला सांगतात. तो नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठीच आहे. दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढणं हे त्यात मोडतं. रात्र मालवणातच काढा. आणि हेही जोडीदाराचंच काम आहे. सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर विचित्र चट्टे येणं या गोष्टी ज्याला होतात तो “दमलोय जरा” म्हणून मागच्या सीटवर झोपतो. ज्याने त्याला दिवसभर पाण्यात पाहिलंय त्यालाच कळतं की हा नेहमीसारखा नाही.

थोरल्या मंडळींना दोन शब्द. सहल ठरवताना बोटीचं भाडं आणि जेवण ठरवता, तशा जोड्याही सांगलीतच ठरवा. बोटीत नको. कोण कुणाबरोबर हे निघायच्या आधी महिनाभर ठरलेलं असू दे, म्हणजे तलावात त्यांचा एकत्र सराव होईल. फोटो काढणाऱ्याची जोड दुसऱ्या फोटो काढणाऱ्याशी लावू नका. डाइव्ह फुटली, म्हणजे जोडीदार दिसेनासा झाला, तर एक मिनिट शोधून दोघांनी वर यायचं, हा नियम जो पाळणार नाही त्याची पुढची डाइव्ह बंद करा. तिथे कुणी घाई केली तर तपासणी होईपर्यंत बोट थांबवून धरा. पैसे आपण देतो. माझ्या वेळी ती पाच मिनिटं मागायला कुणी नव्हतं, आणि मीही मागितली नाहीत.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला घाटावर या. माझ्याकडे दोन बीसीडी आणि दोन रेग्युलेटर आहेत. हवा नसली तरी चालेल. डोळे बांधून जोडीदाराचा ऑक्टोपस शोधायचा, पट्टे सोडायचे, मागे जाऊन चावी कुठल्या बाजूला उघडते ते हाताने ओळखायचं, एवढं सगळं पायऱ्यांवर बसून होतं. डोळे बांधायला प्रत्येकाने रुमाल आणा.

तुम्ही नऊ आहात, म्हणजे एक जण जोडीवाचून उरतो. ऑक्टोबरात मी मालवणला येते आहे. जो उरेल त्याच्याबरोबर मी उतरेन.

तुमची,
विष्णू घाटावरची ताई